ये, या आणि येऊ नकोस : हुकूम सोडण्याचं व्याकरण



व्याकरणावरचा लेख म्हटला की पान उलटायची घाई होते, हे मला माहीत आहे. तरी जरा थांबा. हे 'थांबा'सुद्धा आजच्या विषयातलंच आहे!

सकाळी उठल्यापासून आपण किती हुकूम सोडतो आणि किती झेलतो, कधी मोजलंय? 'ऊठ गं, साडेसात झाले.' 'बकेट उचल.' 'जर्नल दे.' 'पुढं सरका.' 'सबमिशन आजच करा.' 'लाइट बंद कर.' अजून बोलता न येणारं बाळसुद्धा भाषेशी पहिली ओळख करून घेतं ती अशाच शब्दांतून. ये, बस, खा, घे, झोप. क्रियापदाचं हे रूप आपल्याला सगळ्यांत आधी भेटतं आणि सगळ्यांत कमी वेळा आपण त्याचा विचार करतो.

मी मूळची लातूरची, शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये. त्यामुळे 'इंपरेटिव्ह मूड' मला आधी भेटला आणि 'आज्ञार्थ' हा शब्द कितीतरी नंतर. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीपासून मी मोबाइलवर स्पॅनिश शिकते आहे. त्यात एक धडा आला : आपल्या माणसाला हुकूम कसा द्यायचा. मित्राला, लहान भावाला, रूम पार्टनरला. धडा वाचताना सारखं वाटत होतं, अरे, हे तर आपल्याकडंही आहे! मग मराठीचं व्याकरण उघडलं आणि स्पॅनिश बाजूलाच राहिली. जे सापडलं ते इथं मांडते. नियम शिकायला दहा मिनिटं लागतात. ते कुणाशी बोलताना कोणता वापरायचा, हा प्रश्न मात्र आपल्या हॉस्टेलच्या मेसपर्यंत येऊन पोचतो.

धातू म्हणजेच हुकूम

मराठीत 'तू'ला हुकूम द्यायचा तर काहीच करावं लागत नाही. क्रियापदाच्या शेवटचं 'णे' काढा, उरेल तो धातू, आणि तोच हुकूम. करणे – कर. बसणे – बस. बोलणे – बोल. जाणे – जा. देणे – दे. इतकं सोपं रूप अख्ख्या क्रियापदात दुसरं नाही. काळ नाही, लिंग नाही. 'ती आली, तो आला' यात मुलगा-मुलगी वेगळे होतात, पण 'ये' दोघांनाही एकच.

'तुम्ही'ला हुकूम द्यायचा तर शेवटी 'आ' जोडायचा. करा, बसा, बोला, थांबा. हा 'तुम्ही' एका माणसाला मान देण्यासाठी असेल किंवा दहा जणांसाठी असेल, रूप तेच.

आता गंमत बघा. धातूच्या शेवटी आधीच स्वर असला की 'आ' जोडताना गडबड होते. म्हणून ये – या, दे – द्या, घे – घ्या, ने – न्या, पी – प्या, हो – व्हा. आणि जिथं शेवटी आधीच 'आ' आहे तिथं तर फरकच उरत नाही. तू जा, तुम्ही जा. तू खा, तुम्हीही खा. मान द्यायचाय, पण द्यायला अक्षरच नाही! लातूर-सोलापूरकडच्या खेड्यांत लोकांनी यावर आपला उपाय काढलाय. ते सरळ 'तुम्ही जावा', 'खावा की' म्हणतात. शहरातली पोरं याला गावठी म्हणून हसतात. पण नीट पाहिलं तर यात अडाणीपणा कुठंच नाही. बोलणाऱ्याला 'तू'चा 'जा' आणि 'तुम्ही'चा 'जा' वेगळे हवे होते, प्रमाणभाषेनं ते दिले नाहीत, म्हणून त्यानं स्वतः बनवले. इंजिनिअरिंगच्या भाषेत सांगायचं तर डिझाइनमधली उणीव युजरनंच दुरुस्त केली.

अजून एक बारकावा. तू फीर, तुम्ही फिरा. तू शीक, तुम्ही शिका. तू ऊठ, तुम्ही उठा. धातू तोच, पण एकटा उभा राहिला की त्याचा स्वर दीर्घ होतो आणि मागं 'आ' लागला की ऱ्हस्व. शुद्धलेखनात आपले मार्क जातात ते इथंच.

आणि स्पॅनिशमध्ये?

स्पॅनिशमध्ये 'तू'ला काय म्हणतात माहितीये? तू! उच्चार तोच, अर्थ तोच. हा योगायोग नाही. मराठी संस्कृतच्या वंशातली, स्पॅनिश लॅटिनच्या वंशातली, आणि संस्कृत व लॅटिन या दोघी इंडो-युरोपियन नावाच्या एकाच मोठ्या घरातल्या. म्हणूनच 'दे' या हुकुमाला स्पॅनिश शब्द आहे 'दा'. संस्कृतातला 'दा' धातू आठवतो ना? 'मला दे' म्हणायचं तर 'दामे'. मला, तुला असे छोटे शब्द स्पॅनिश माणूस हुकुमाच्या शेपटीला चिकटवूनच टाकतो.

नियम असा. स्पॅनिशमध्ये क्रियापदांचे शेवट तीन : आर, एर आणि इर. आब्लार म्हणजे बोलणे, कोमेर म्हणजे खाणे, एस्क्रिबिर म्हणजे लिहिणे. आपल्या माणसाला हुकूम द्यायचा तर शेवटचा 'र' उडतो. आब्ला – बोल. कोमे – खा. एस्क्रिबे – लिही. म्हणजे आपल्यासारखंच कापाकापीचं काम. फक्त एस्क्रिबिरमधला शेवटचा 'इ' बदलून 'ए' होतो, तेवढं लक्षात ठेवायचं. 'तो बोलतो', 'ती खाते' याचंही रूप तिकडं हेच. ते वाक्य आहे की हुकूम, हे आवाजावरून कळतं.

अपवाद फक्त आठ, आणि ते पाठच करावे लागतात : दी (सांग), आस (कर), बे (जा), पोन (ठेव), साल (बाहेर पड), से (हो), तेन (घे, धर), बेन (ये). यादी वाचून काही आठवलं? आपल्याकडचे अपवाद कोणते होते? ये, दे, घे, ने, हो. दोन्हीकडं तीच तीच माणसं! जे शब्द रोज शंभरदा तोंडात येतात ते झिजून लहान होतात आणि नियमाबाहेर जातात. नाण्यावरचे आकडे वापरून वापरून पुसट होतात ना, तसं.

आणि आपल्या फीर-फिरा सारखी स्वरांची उलथापालथही तिकडं आहे. झोपणे म्हणजे दोर्मिर, पण 'झोप' म्हणताना 'दोर्मे' न होता 'द्वेर्मे' होतं. जोर त्या स्वरावर आला की 'ओ'चा 'वे' होतो. सात समुद्रापलीकडची भाषा, पण दुखणं ओळखीचं.

'नको'ची गोष्ट

खरी मजा नकारात आहे. मराठीत 'ये'चा नकार 'न ये' असा होत नाही. क्रियापदाला 'ऊ' लावायचा आणि पुढं 'नको' किंवा 'नकोस' आणायचं. येऊ नको, करू नकोस. 'तुम्ही'ला येऊ नका, करू नका. बघा, इथं क्रियापद अजिबात बदलत नाही. तू असो की तुम्ही, 'येऊ' ते 'येऊ'च. मान द्यायचं सगळं काम 'नको' आणि 'नका' करतात. त्यामुळे वरचे सगळे अपवाद एका झटक्यात गायब. येऊ, देऊ, घेऊ, होऊ, सगळे सरळ. 'जा'चा घोळही मिटतो : जाऊ नको, जाऊ नका.

स्पॅनिशमध्ये नेमकं उलटं. तिकडं 'नो' हा शब्द जागचा हलत नाही, क्रियापदच वेश बदलतं. आब्ला म्हणजे बोल, पण बोलू नकोस म्हणजे 'नो आब्लेस'. कोमे म्हणजे खा, पण खाऊ नकोस म्हणजे 'नो कोमास'. 'आ'च्या जागी 'ए' आणि 'ए'च्या जागी 'आ', वर शेवटी 'स'. बेन म्हणजे ये, येऊ नकोस म्हणजे 'नो बेंगास'. शिकणारे सगळ्यांत जास्त अडखळतात ते इथं.

नांदेडमध्ये राहून 'नको'बद्दल बोलायचं तर दखनी उर्दूला विसरून चालणार नाही. आपल्या गल्लीतला दुकानदार 'नक्को जाओ', 'मेरे को नक्को' म्हणतो तेव्हा तो मराठीतलाच शब्द वापरत असतो. उत्तरेतल्या उर्दूत तो नाही. मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात सामील झालं, १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. शतकानुशतकं मराठी, उर्दू, तेलुगू, कन्नड एका बाजारात बोलल्या गेल्या. हद्दी बदलल्या, पण 'नको' हैदराबादच्या गल्ल्यांत मुक्कामालाच राहिला.

मान म्हणजे एक जादा अक्षर

आता आपल्या शेजाऱ्यांकडं बघू. आपल्या वर्गात देगलूर-बिलोलीकडचे तेलुगू बोलणारे आहेत, उदगीर-निलंग्याकडचे कन्नड बोलणारे आहेत. तेलुगूत मित्राला 'सांग' म्हणायचं तर 'चेप्पु', मोठ्या माणसाला 'चेप्पंडि'. कन्नडमध्ये 'ये' म्हणजे 'बा' आणि 'या' म्हणजे 'बन्नी'. हिंदी-उर्दूत आ, आओ, आइए. गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये पंगतीत बसलं की वाढणारा 'छको जी' म्हणतो, म्हणजे जेवा. तिथं 'जी' हेच जादा अक्षर.

तुमच्याही लक्षात आलं असेल. धातू उघडा ठेवला की जवळीक, त्याला एखादं अक्षर जोडलं की मान. तेलुगू-कन्नड वेगळ्या कुळातल्या भाषा, पण युक्ती तीच. स्पॅनिशमध्ये मानासाठी वेगळं सर्वनामच आहे, उस्तेद. ते 'ब्वेस्त्रा मेर्सेद' या जुन्या शब्दांवरून आलं, अर्थ साधारण 'आपली कृपा'. आपण 'हुजूर' म्हणायचो तसं. उस्तेदला 'बोला' म्हणायचं तर आब्लाचं 'आब्ले' होतं, आणि 'या' म्हणायचं तर बेनचं 'बेंगा'.

आणि इंग्रजी? तिच्याकडं हे जादा अक्षर नाहीच. प्रिन्सिपॉल सरांना 'कम' आणि कुत्र्याच्या पिलालाही 'कम'. एकेकाळी इंग्रजीतही 'तू'साठी वेगळा शब्द होता, पण तो रोजच्या बोलण्यातून गेला. मग मान कुठून आणायचा? 'प्लीज' लावून, 'कुड यू' म्हणून. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये प्लीज विसरलं की सिस्टर भुवया उंचावायच्या. ती शिस्त चांगलीच होती. पण तिचा एक परिणाम असा की इंग्रजीतून विचार करणाऱ्या आमच्यासारख्यांना वाटतं, प्लीज म्हटलं की झालं. मराठीत तसं होत नाही. 'प्लीज पाणी आण' आणि 'पाणी आणा' यात खरा मान दुसऱ्यात आहे, प्लीज असो वा नसो.

आज्ञार्थ म्हणजे फक्त आज्ञा नव्हे

शाळेच्या व्याकरणात आज्ञार्थाचे उपयोग सांगतात : आज्ञा, विनंती, उपदेश, प्रार्थना, आशीर्वाद. 'सुखी राहा' हाही आज्ञार्थच. देवाला तर आपण सरळ 'तू' म्हणून हाक मारतो : देवा, धाव, वाचव. स्पॅनिश माणूसही प्रार्थनेत देवाला 'तू'च म्हणतो. तेव्हा 'तू' म्हणजे अपमान हे समीकरण बरोबर नाही. आपल्या घरांत बहुतेक ठिकाणी वडिलांना 'तुम्ही' आणि आईला 'तू' असतं. आजीला 'बस की गं' म्हणतो आपण. त्यात आजी कमी होत नाही.

आपल्या मराठवाड्यानं तर हुकूम मऊ करायला 'की' हे अक्षर ठेवलंय. ये की, बस की, घ्या की दोन घास. हा 'की' प्रश्नाचा नाही, आग्रहाचा आहे. पुण्याकडं 'ये ना' म्हणतात, विदर्भातली मुलं 'येजो' म्हणतात, म्हणजे पुढं कधीतरी ये. आमच्या ओळखीतली सीनिअर मंडळी नोकरीसाठी पुण्याला गेली की सांगतात, 'तुम्ही मराठवाड्याचे लोक फार रोखठोक बोलता' असं तिकडं ऐकावं लागतं. त्यांना आपला 'ये' ऐकू येतो, त्यामागचा 'की' ऐकू येत नाही. तेव्हा लाजून भाषा बदलायची काही गरज नाही, हे मी इथं ठासून सांगते.

याशिवाय जोडक्रियापदं आहेत. 'करून दे' म्हणजे माझ्यासाठी कर. 'करून घे' म्हणजे तुझ्यासाठी कर. 'करून टाक' म्हणजे एकदाचं संपव. आणि हुकुमाला प्रश्नाचा सदरा घालायचीही सोय आहे : देतोस का, येशील का. जाणाऱ्या पाहुण्याला आपण काय म्हणतो? तो म्हणतो 'येतो', आपण म्हणतो 'या'. निघालेल्या माणसाला 'या' म्हणायचं! 'जा' म्हणणं आपल्याकडं अशुभ. आता हे कुठल्या ॲपनं शिकवावं?

कुणालाच न दिलेला हुकूम

काही हुकूम असे असतात की ते कुणाला दिलेत हे सांगायचंच नसतं. भिंतीवर 'येथे थुंकू नये' लिहितात. 'थुंकू नकोस' लिहिलं तर वाचणारा म्हणेल, मला म्हणतोस काय? 'नये'मध्ये कुणीच नाही, नुसता नियम आहे. लग्नपत्रिकेत 'उपस्थित राहावे' असतं, ते विध्यर्थाचं रूप. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांनी राज्यकारभारावर लिहिलेल्या 'आज्ञापत्र' या ग्रंथाचं नावच आज्ञेवरून, पण त्यातली भाषा 'कर-करा'ची नाही, 'करावे'ची आहे. जुन्या मोडी पत्रांत आणि आजच्याही सरकारी कागदांत 'सादर करणे' अशी रूपं दिसतात, म्हणजे क्रियापदाचं मूळ रूपच हुकूम म्हणून. स्पॅनिशमध्येही भिंतीवर 'नो फुमार' लिहितात, शब्दशः 'धूम्रपान न करणे'. कार्यालयं सगळीकडची सारखीच!

उलट एनसीसीची परेड आठवा. 'दाहिने मुड़', 'तेज चल', 'थम'. सगळे उघडे धातू. तिथं मान किंवा आग्रह यांना वेळ नसतो, पाय एकदम पडले पाहिजेत. आणि आपला पेपर? 'खालीलपैकी कोणतेही पाच प्रश्न सोडवा', 'टिपा लिहा', 'आकृती काढा'. वर्षभर 'ए, तू उभा राहा' म्हणणारे सर पेपर काढताना आपल्याला अहो-जाहो करतात. एवढाच काय तो परीक्षेतला आनंद.

कॉम्प्युटरवाल्यांना हे सांगायला नकोच की त्यांच्या एका अख्ख्या प्रोग्रॅमिंग पद्धतीचं नाव या आज्ञार्थावरून पडलं आहे, इंपरेटिव्ह प्रोग्रॅमिंग. प्रिंट कर, थांब, पुढं जा. कॉम्प्युटरला कितीही उघडे हुकूम द्या, त्याला वाईट वाटत नाही. अडचण तेव्हा होते जेव्हा तीच सवय माणसांवर येते.

मेसमधला 'तू'

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्या मुद्द्याकडं येते.

अमेरिकेत रॉजर ब्राउन आणि ॲल्बर्ट गिलमन या दोघांनी १९६० साली एक निबंध लिहिला. विषय हाच : युरोपातल्या भाषांत 'तू' कुणाला आणि 'तुम्ही' कुणाला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. 'तू' दोन प्रकारचा असतो. एक, जो दोन्हीकडून जातो. मी तुला तू, तू मला तू. ही दोस्ती. दुसरा, जो एकीकडून जातो. मी तुला तू, पण तू मला तुम्ही. ही सत्ता. शब्द एकच, पण परत काय येतं त्यावरून त्याचा अर्थ ठरतो.

हे वाचल्यावर मी आठवडाभर मेसमध्ये नुसते कान उघडे ठेवले. कुठल्याही हॉस्टेलच्या मेसमध्ये ऐकू येईल असंच आहे ते. 'ए, पोळी आण.' 'मावशी, भाजी दे गं.' 'मामा, ताट उचल हे.' आणि समोरून? 'ताई, वरण घ्या.' 'दादा, थोडं थांबा, गरम आणतो.' पन्नाशीच्या मावशी वीस वर्षांच्या मुलीला 'घ्या' म्हणतात आणि ती मुलगी त्यांना 'दे' म्हणते.

कुणी म्हणेल, घरी आईला, सख्ख्या मावशीला आपण 'दे'च म्हणतो की. खरंय. पण सख्खी मावशीही आपल्याला 'घे' म्हणते. तिथं 'तू' दोन्हीकडून वाहतो. मेसमधल्या मावशींना आपण नातं फक्त नावापुरतं लावतो आणि त्या नात्याचा 'तू' म्हणायचा हक्क तेवढा घेतो. त्या आपल्याला 'घे' म्हणू शकत नाहीत, कारण त्यांची नोकरी आहे. मग तो 'तू' मायेचा कसा राहील?

यात कुणी मुद्दाम अपमान करतं असं मला म्हणायचं नाही. इंग्रजी माध्यमातून आलेल्या माझ्यासारख्यांच्या डोक्यात 'ब्रिंग' आणि 'गिव्ह' असतं, ते मराठीत उतरताना उघडा धातू होऊन उतरतं. मराठी माध्यमातल्यांना फरक चांगला ठाऊक असतो, पण सगळेच म्हणतात म्हणून तेही म्हणतात. कारण काही असो, ऐकणाऱ्याच्या कानावर पडतं ते सारखंच.

हीच गोष्ट सीनिअर-ज्युनिअरची. महाराष्ट्राचा रॅगिंग प्रतिबंधक कायदा १९९९ सालचा. त्यात रॅगिंगची व्याख्या करताना मारहाण, धमकी, छळ तर आहेच, पण आणखी एक कलम आहे. विद्यार्थी एरवी आपल्या खुशीनं जे करणार नाही असं काही त्याला करायला सांगणं, हेही रॅगिंगच. नुसतं सांगणं! शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड. म्हणजे कायद्यानंसुद्धा मान्य केलंय की 'गा', 'नाच', 'उभा राहा' हे तीन साधे आज्ञार्थ चुकीच्या ठिकाणी गुन्हा होऊ शकतात. वर्गमित्राला 'गा रे' म्हणणं आणि नव्या मुलाला रात्री रूमवर बोलावून 'गा' म्हणणं, व्याकरण दोन्हीकडं एकच. फरक इतकाच की पहिला 'तू गा आधी' म्हणून उलटू शकतो, दुसरा उलटू शकत नाही.

म्हणून मी स्वतःसाठी एक सोपी कसोटी ठरवली आहे, तुम्हीही वापरून बघा. हुकूम तोंडातून काढायच्या आधी तो मनात उलटा करायचा. समोरच्यानं हेच रूप मला वापरलं तर चालेल का? रूम पार्टनर मला 'दे' म्हणाली तर चालेल, मग मीही तिला 'दे' म्हणेन. मेसच्या मामांनी मला 'ए, ताट उचल' म्हटलेलं चालेल का? चालणार नसेल, तर माझ्याकडूनही 'मामा, ताट उचला' जायला हवं. एक 'आ' लावायला ना पैसे लागतात ना वेळ. आणि त्याहून चांगलं म्हणजे आपलं ताट आपणच उचलावं, मग आज्ञार्थाची गरजच नाही!

शेवटी आज्ञार्थाचं एक भावंडही सांगून ठेवते, कारण हॉस्टेलमध्ये तेच जास्त कामाचं आहे. त्यात हुकूम देणारा स्वतःही सामील असतो. स्पॅनिशमध्ये 'बामोस' म्हणतात, आपण म्हणतो 'जाऊ या', 'करू या'. रेक्टर मॅडमनी 'कॉरिडॉर स्वच्छ ठेवा' म्हटलं तर आपण ऐकतो आणि विसरतो. पण शेजारच्या रूममधली कुणी झाडू घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, 'चला गं, आपण झाडून टाकू', तर नाही म्हणणं जड जातं.

तर मंडळी, पाठ करायला फार काही नाही. धातू म्हणजे 'तू', धातूला 'आ' म्हणजे 'तुम्ही', नकाराला नको-नका, आणि जमेल तिथं 'आपण'. स्पॅनिशचे ते आठ अपवाद कुणाला हवे असतील तर माझ्या वहीत आहेत. या की कधी, घेऊन जा.